टाकी भरायची नाही

आमची गाडी आधी चांगली होती. मग नवऱ्याने ती सुधारली.

गाडी म्हणजे छोटीशीच, टर्बो इंजिनाची. भुईगावच्या आमच्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला कुणाच्या तरी वाडीत शिरावं लागतं. अशा ठिकाणी इंजिनाची ताकद वाढवून काय करायचं, हा प्रश्न मी विचारला होता. त्यावर मला "तुला नाही कळणार" हे उत्तर मिळालं. मग विरारच्या एका ट्यूनरने लॅपटॉप लावून गाडीचा रिमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या मेंदूला नवी शिकवण दिली. संध्याकाळी नवरा घरी आला तो लग्नातल्या नवरदेवासारखा. "पिकअप बघ नुसता!" मी बघितला. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि पुढे म्हशी होत्या म्हणून थांबलो.

पुढे सासूबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि या पिकअपची खरी परीक्षा सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं की फिजिओथेरपी चुकवायची नाही आणि पाठीला झटका बसू द्यायचा नाही. फिजिओथेरपी विरारला. आणि नेमका त्याच सुमारास गाडीने अडखळण्याचा नाद लावून घेतला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच नाही, जणू गाडी विचार करतेय, आणि मग एकदम हिसका. चढावर हिसका, वळणावर हिसका. प्रत्येक हिसक्याला मागच्या सीटवरून आईंचा "आई गं" ऐकू यायचा. फिजिओथेरपीने जे मिळवायचं ते परतीच्या वाटेवर गाडी काढून घ्यायची. एके दिवशी घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "उद्यापासून मी नाही येत. पडून राहते ती बरी." आई आणि पडून राहणार! पहाटे उठून वाडीतल्या केळींना पाणी झालं का ते बघणारी बाई ती. मला त्या वाक्याची भीती वाटली.

नवऱ्यालाही वाटली असणार, पण भीती वाटली की तो सामान विकत घेतो. तेव्हापासून आमच्या घरात इंधन यंत्रणेवर जितकं बोलणं झालं तितकं आमच्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या मंडळींतही झालं नव्हतं. मला बघायला आला तेव्हा हा माणूस चहा संपायच्या आत हो म्हणाला होता. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, मात्र तो महिनाभर बघत होता. हा मोठा, पण हलक्या वेगात नखरे करतो. तो मध्यम, पण पुढे रिमॅप वाढवला तर अपुरा पडेल. ट्यूनरचं मत होतं की आधी टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा फ्युएल पंप बदलू, मग इंजेक्टर. त्याच्या लॅपटॉपवर इंधनाच्या दाबाची रेघ वळणावर धपकन खाली पडत होती. "कंपनीचा पंप पुरत नाही, साहेब," तो म्हणाला. नवरा मान डोलावत राहिला. डॉक्टर आपल्या मनातलाच आजार सांगतात तेव्हा पेशंट जसा खूश होतो, तसा.

मोठा पंप बसला. तो टाकीतल्या मूळच्या प्लास्टिकच्या वाटीत मावेना, म्हणून ती वाटी काढून टाकली. त्या वाटीचं काम काय, हे ना ट्यूनरने सांगितलं ना नवऱ्याने विचारलं. गाडी आता आधीपेक्षा जास्त अडखळायला लागली. "म्हणजे इंजेक्टरच," नवरा समाधानाने म्हणाला.

इथे आमच्या घरचा एक कायदा सांगायला हवा. गाडीची टाकी भरायची नाही. हा कायदा आईंचा. आमच्या गल्लीत कुणी गाडी मागितली तर नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलेलं लोक नातवंडांना सांगून ठेवतात. पण "न्या ना, फक्त पेट्रोल नाहीये हो" असं म्हणणं म्हणजे नकार नव्हे. ती गाडीची अडचण आहे, त्यात माणसाचा काय दोष? यावर अर्धे लोक "राहू दे मग" म्हणत परत जातात. उरलेले अर्धे गाडी नेतात, लागेल तेवढंच पेट्रोल घालतात आणि जशी नेली तशी परत आणून लावतात, म्हणजे काटा लालवर. यालाच आमच्याकडे रीत म्हणतात आणि ती सगळे इमानाने पाळतात. गाडी घेतल्यापासून तिने भरलेली टाकी पाहिलीच नव्हती. नवऱ्याने तर या कायद्याला शास्त्राची जोड दिली होती. "ट्यून्ड गाडीत वजन कमीच ठेवायचं असतं." मागच्या सीटवर पाट, उशा आणि पाठीला पट्टा बांधलेली आई. पण वजन पेट्रोलचं.

शेजारचा जहाजावर नोकरी करतो. बरीच वर्षं बाहेर असल्याने गल्लीची रीत विसरलेला. बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी त्याने गाडी मागितली. आईंनी ठरलेलं वाक्य म्हटलं. तो म्हणाला, "त्याचं काय मोठं, मी टाकतो," आणि गाडी परत आणली ती टाकी गळ्यापर्यंत भरून, वर केक घेऊन. केक आम्ही खाल्ला. टाकी बघून मात्र आई हबकल्या. "आता लोकांना काय सांगायचं?" त्यांनी गाडी घरामागे, आंब्याच्या आडोशाला लावायला लावली.

आणि तो आठवडा गाडी लोण्यासारखी चालली. विरारला जाताना एक झटका नाही, येताना एक "आई गं" नाही. आई वाटेत पडवळाच्या भावावर बोलत होत्या. नवरा चक्रावला. एखाद्या माणसाने अशा वेळी काय विचार करावा? त्याने शेजाऱ्याला गाठलं आणि विचारलं, "कुठल्या पंपावर भरलंस?" त्याचं निदान तयार होतं, पेट्रोलचा दर्जा. टाकी पुन्हा लालवर आली तेव्हा तो वाट वाकडी करून त्याच पंपावर गेला, भक्तिभावाने दोन लिटर घालून आला, आणि दुसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर गाडीने असा हिसका दिला की आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. "मेला तो पंपवाला भेसळ करतो," नवरा म्हणाला.

मला राग आला. नवऱ्याचा आला, ट्यूनरचा आला, इंजेक्टर नावाच्या न पाहिलेल्या वस्तूचाही आला. नवरा त्या संध्याकाळी इंजेक्टरची ऑर्डर देणार होता. मी आईंच्या खाटेशी जाऊन बसले, कारण कायदा त्यांचा होता आणि बदलला तर त्याच बदलणार होत्या.

"आई, आपल्या बावखलावरची मोटार उन्हाळ्यात काय करते?"

बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं. त्यावरची मोटार आईंनी जन्मभर चालवली होती.

"काय करणार? पाणी खाली गेलं की खोकते. पायपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, हवा ओढते," त्या भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाल्या. "मग काय, आम्ही नवी मोटार नाही घेत."

"आपल्या टाकीतही पंपच आहे. तळाला दोन लिटर. गाडी वळली की ते एका बाजूला जातं, चढली की मागे जातं. पंप उघडा पडतो. आणि भोवतीची वाटी होती ना, ती पेट्रोल धरून ठेवायलाच असणार, आणि ती आपण काढून टाकली."

दारात नवरा फोन हातात घेऊन उभा होता. त्याचं बोट ऑर्डरवर थांबलेलं दिसलं. लहानपणी त्या मोटारीत हवा गेली की बादलीने पाणी ओतून ती सुरू करायचं काम त्याचंच होतं.

"म्हणजे मीच," आई हळूच म्हणाल्या. मग कूस वळवून त्यांनी मुलाकडे बघितलं. "टाकी भर. ती वाटी पण बसवून घे. आणि येताना मागच्या रस्त्याने ये, कोणी बघायला नको."

वाटी बसवायला जुना पंपही परत बसवावा लागला. ट्यूनरने एवढंच विचारलं, "मग इंजेक्टर कॅन्सल?" टाकी भरल्याचं गल्लीला कसं कळलं, हे मला अजून माहीत नाही. मागच्या रस्त्यावर एक बकरी सोडली तर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही विरारला गेलो. पुलाच्या चढावर तिघांनीही श्वास धरला होता. गाडी चढली, उतरली, वळली. परतताना मी मागे पाहिलं तर आईंचं डोकं उशीवर कललेलं. ऑपरेशननंतर त्या धड झोपलेल्या नव्हत्या. रात्री कूस बदलताना कण्हायच्या, दिवसा दुखण्यावर लक्ष ठेवून जाग्या राहायच्या. आता तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपल्या होत्या.

घर आलं. फाटकाशी नवऱ्याचा मामेभाऊ उभा होता, चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू, हात किल्लीसाठी अर्धा पुढे. त्याच्यामागे आणखी एक जण वाट बघत होता. नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं, मानेने मागच्या सीटकडे खूण केली आणि न थांबता पुढे गेला. ज्याने वेगाने पाठ सीटला चिकटावी म्हणून एवढा खटाटोप केला, तो आता आईची मान हलू नये म्हणून सायकलच्या वेगाने गाडी चालवत होता. खड्डा दिसला की अलीकडूनच थांबत होता. मागून हॉर्न वाजले, त्याने वाजू दिले. मला तो इतका आवडला की मी खिडकीबाहेर बघत बसले.

शेजारच्या वटार गावापर्यंत जाऊन आम्ही परत फिरलो, आणि आई अजून झोपलेल्याच होत्या म्हणून पुन्हा वटारला गेलो.