कुंताबाईची गाडी

मोहाडीचा ताराचंद सरकारी दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. १९७६ साली तो निवृत्त झाला आणि त्याच सुमारास त्याची जुनी व्हॅनही लिलावात निघाली. ताराचंदने ती घेतली. मागची बाकं काढून लाकडी दिवाण ठोकला, कोपऱ्यात स्टोव्हला जागा केली. बायकोने, कुंताबाईने, जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले. मूलबाळ नव्हतं. शेती धाकटा भाऊ भैय्याजी पाहायचा. धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, आटोपला की श्रावणात दोघं गाडी घेऊन निघायची.

कुंताबाईने तोवर घर, धानाच्या बांध्या आणि मोहाडीचा बाजार याशिवाय फारसं काही पाहिलं नव्हतं. आता ती पुढच्या सीटवर पदर खोचून बसे. वायपर कधीचा बंद पडलेला. पाऊस वाढला की खिडकीतून हात काढून ती तंबाखूचा बोळा काचेवर घासायची, म्हणजे पाणी काचेवर थांबत नसे. घरात दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारी ही बाई गाडीत अखंड बोलायची. कुठली बोडी पाण्याने काठोकाठ भरली, कुठल्या बांधीत सारसाची जोडी उतरली, सगळं ती त्याला दाखवायची. छत गळायचं. गळतीखाली दिवाणावर गंज, म्हणजे पातेलं, ठेवून दोघं अंग चोरून झोपत.

एका वर्षी दिघोरीच्या अलीकडे गाडी चिखलात रुतली. गावकऱ्यांनी हल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी लावून ओढून काढली, पण पुढच्या नाल्याला पूर होता. पाणी उतरेपर्यंत तिथंच मुक्काम पडला. चाकांवरचं घर पाहायला गावच्या बाया येऊ लागल्या. कुंताबाई त्यांना आत बसवून चहा पाजायची. शकुनबाई नावाची एक म्हातारी तर रोज यायची. पूर ओसरला तेव्हा कुंताबाई म्हणाली, "आणखी एक दिवस राहू ना जी."

ही बातमी त्यांच्याआधी मोहाडीला पोचली. भैय्याजी अंगणात वाटच पाहत होता.

"भाऊ, वैनीले घेऊन रस्त्यावर संसार मांडला म्हणते तुमी. लोकं हासून राह्यले. माह्या पोरीची सोयरीक जुळून राह्यली, ते तुटली तं?"

ताराचंद म्हणजे जन्मभर लोकांत मान राखून राहिलेला माणूस. दोन दिवसांनी कुंताबाई निंदणाला गेली असताना त्याने आंधळगावच्या एका व्यापाऱ्याला गाडी देऊन टाकली.

संध्याकाळी ती आली. गाडीच्या जागी तेलाचे डाग आणि चाकांच्या चाकोऱ्या होत्या. तिने थोडा वेळ पाहिलं.

"पडदे तरी काढून घ्याचे होते," एवढंच म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.

भांडण झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती पूर्वीसारखी चार वाक्यांवर आली.

पुतणीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. मांडवात नवऱ्या मुलाचे वडील त्याला म्हणाले, "भाऊजी, तुमची ते गाडी कुठी हाय? आमच्या घरच्या बाया म्हणत होत्या, वरात तिच्यातच काढू." ताराचंद घास हातात घेऊन बसून राहिला. दुसऱ्याच दिवशी तो आंधळगावला गेला. व्यापाऱ्याने इंजिन काढून विकलं होतं. सांगाड्यात धानाची पोती रचलेली होती.

पुढं बऱ्याच वर्षांनी, एका श्रावणात, तो आपणहून म्हणाला, "चल, दिघोरीले जाऊन येऊ." दोघं एसटीत बसली. त्याने तिला खिडकीची जागा दिली. पण साकोलीपासून पाऊस लागला आणि सगळ्यांनी शटरं ओढली. त्याने त्यांचं शटर वर करून पाहिलं, तर मागचा माणूस ओरडला.

"राहू द्या," कुंताबाई म्हणाली. उरलेला रस्ता तिने बंद पत्र्याकडे तोंड करून काढला.

दिघोरीच्या थांब्यावर उतरल्यावर शकुनबाईच्या सुनेने तिला ओळखलं. म्हातारी दोन वर्षांपूर्वी वारली होती. "शेवटपर्यंत विचारे, ते गाडीवाली बाई आली काय," सून म्हणाली आणि रस्त्याकडे पाहू लागली. "गाडी नाही आणली काय?"

ताराचंदने मान खाली घातली.

"बिघडली बाई," कुंताबाई म्हणाली. "जुनी झाली होती. यायनं लय खटपट केली, पण काही जमलं नाही."

सुनेने दोघांना घरी नेलं. चहा झाला, शकुनबाईच्या आठवणी निघाल्या. कुंताबाई त्या दुपारी पुष्कळ बोलली. ताराचंद ओसरीवर बसून आतला तिचा आवाज ऐकत होता, आणि परतीच्या एसटीची वेळ झाली तरी त्याने तिला हाक मारली नाही.