हवाबंद काका आणि जंगलाची खोली

आमच्या काकांनी जन्मभर खिडक्या बसवल्या. खिडकी म्हणजे बाहेरचं काही आत येऊ न देणारी वस्तू, असं त्यांचं ठाम मत. स्क्रू आवळायचे, फटीत सिलिकॉन भरायचं आणि वर ठणकावून सांगायचं, "मुंगी शिरली तर नाव बदलेन." लोक त्यांना हवाबंद काका म्हणत आणि काकांना त्याचा कोण अभिमान!

तर हे काका स्टुलावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेही नेमकं त्यांनीच खिडक्या बसवलेल्या नव्या हॉस्पिटलात. तिथला थाट काय विचारता! प्रत्येक खोलीत भिंतभर चिकटवलेलं जंगलाचं चित्र, छताला प्लॅस्टिकच्या वेली, स्पीकरमधून पक्ष्याची किलबिल. मॅनेजर म्हणाले, "आमच्याकडे निम्मं काम औषध करतं, निम्मं निसर्ग." निसर्गाचं बटण दाराजवळ होतं.

सुरुवातीला काकांना मजा वाटली. मग त्यांनी जेवणच टाकलं. "त्या पक्ष्याला आधी कुणीतरी पाणी पाजा गं," एवढंच म्हणायचे. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, "आत्ता उभे राहिले नाहीत, तर कायमचे अंथरुणाला खिळतील." काकू वॉकर पुढे करून करून थकली. "अहो, निदान पाय तरी खाली सोडा!" काका ढिम्म. मला रडू यायचं, आणि त्या पक्ष्याचा गळा दाबावासा वाटायचा.

"काका, हवंय तरी काय तुम्हाला?"

"वारा," काका म्हणाले. जन्मात पहिल्यांदा!

मी तणतणत मॅनेजरांकडे गेले. खिडकी आहे तरी कुठे? ती म्हणे जंगलाच्या चित्राखाली झाकलेली. बाहेर एक खरं झाड होतं, त्याची पानं गळत, आणि ते बघून पेशंटला उदास वाटेल! मी कपाळावर हात मारला.

काकांना हे सांगितलं मात्र, ते ताडकन म्हणाले, "पेचकस आण."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उभे राहणार असतील तर करवतसुद्धा द्या."

वॉकर धरून, दातओठ खात काका उठले. चित्रातल्या हरणाचं पोट फाडलं, खाली खिडकी निघाली. स्क्रू काही हलेना. "कुठल्या गाढवानं आवळलेत एवढे!" काका ओरडले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली. मग रोज उठायचं, खरवडायचं, दमून बसायचं. रागाच्या भरात थोडं जेवायलाही लागले. शेवटी एकदाची झडप सरकली. वारा आला, धूळ आली, वाळकी पानं अंथरुणावर पडली. काकांनी डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला. काकू पदरानं डोळे पुसत राहिली.

घरी सोडायच्या दिवशी मॅनेजर उगवले. "ही खिडकी परत पहिल्यासारखी बंद करायला हवी. आता तसा कारागीर कुठून आणू?"

"तो मीच," काका म्हणाले. "आत कोण झोपणार, हे तेव्हा विचारलं नाही मी. चुकलंच माझं."

"मग काय प्रश्नच मिटला!" मॅनेजर खूश.

काका वॉकर टेकत टेकत बाहेर पडले. आम्हाला वाटलं, गाडीकडे निघाले. त्यांनी शेजारच्या खोलीचं दार ढकललं आणि खाटेवरच्या म्हातारीला म्हणाले, "आजी, तुमच्या त्या वाघामागे खिडकी आहे."