तीन मीटर तार

तोमेझो शिओगाईनं जहाजावरच्या आचाऱ्याचा जबडा मोडला, तो मिसोचं सार गार होतं म्हणून. हे मला त्यानंच सांगितलं आणि सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. "मास्तर, एक घोट घेतला आणि डोक्यात काहीतरी फुटलं. पुढचं आठवतं ते एवढंच, की तो खाली होता आणि मी वर." ट्यूनाच्या मागं दक्षिणेकडे जाणाऱ्या त्या जहाजावर तोमेझो बिनतारी यंत्र चालवायचा. कॅप्टननं त्याला पुढच्या बंदरात उतरवला. नंतर एकाही जहाजानं त्याला घेतलं नाही.

मग तो आमच्याकडे आला, नोतो द्वीपकल्पाच्या या टोकाला, बायकोला घेऊन. मासळी सोसायटीच्या बर्फखान्यात त्याला काम मिळालं. लादी फोडायला असाच माणूस हवा, असं तेव्हा सगळे गमतीनं म्हणाले.

बायको किनु हेगुरा बेटावरची, पाण्यात बुडी मारून शंख काढणाऱ्या बायकांतली. तिला डाव्या कानानं ऐकू येत नसे. पाणबुड्या बायकांचे कान जातातच, असं म्हणून गाव गप्प बसलं होतं. तिचा कान पाण्यात गेला नव्हता. बर्फखान्याच्या पहिल्या दिवशी तिनं नवऱ्याला जेवायला वाढलं आणि सांगितलं, "अहो, आजवर झालं ते झालं. यापुढं तुमचा हात कुणाही माणसावर उठला, की मी त्याच दिवशी निघाले. माझ्यावर उठला तरच असं नाही. कुणाहीवर." तोमेझोनं मान हलवली. किनु बोलते ते करते, हे त्याला ठाऊक होतं.

पण रागाला जागा तर हवी. ती त्याला माझ्या दुकानात सापडली. मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो आणि आम्हा सात हौशी रेडिओवाल्यांचा एक क्लब चालवतो. जुना ऑपरेटर तो, परवाना त्यानं हसत हसत काढला. घराच्या वरच्या खोलीत रेडिओ ठेवला, खिडकीतून तार काढली आणि शेजारच्या हेइसाकुच्या जाळ्यांच्या शेडवरून पलीकडच्या खांबाला बांधली. हेइसाकुला त्यासाठी साकेची एक बाटली द्यावी लागली.

आता रेडिओचं कसं असतं, की त्याला नेमकी तोलाची तार लागते, आणि आपण घरावर टांगतो ती तार कधीच तोलाची नसते. दोघांच्या मध्ये ट्यूनर बसतो. सासू-सुनेच्या भांडणात एखादी शहाणी आत्या बसते तसा. दोन चकत्या आणि एक कॉईल, फिरवत राहायचं, आणि मीटरचा काटा खाली पडला की समजायचं, जमलं. तोमेझोनं ट्यूनर स्वतः बनवला. तार मात्र टांगली बरोबर वीस मीटर, गोल आकडा म्हणून. वीस मीटर म्हणजे सात मेगाहर्ट्झवर बरोबर अर्धी लाट. अशी तार कुठल्याही ट्यूनरचं ऐकत नाही. उलट चावते. पहिल्याच दिवशी ट्यूनरमध्ये जांभळी ठिणगी उडाली आणि तोमेझोच्या अंगठ्याला मांसापर्यंत पांढरं भोक पडलं. त्यानं बर्फ फोडायचा हातोडा आणला आणि ट्यूनरचा चुरा केला, टेबलासकट.

मी गेलो तेव्हा तो घामाघूम होऊन चुऱ्यात बसला होता आणि किनु पत्र्याचे तुकडे वेचत होती.

"यंत्रावर उठला तर चालतो ना हात?" त्यानं तिला विचारलं.

"चालतो. टेबलाचं काय ते बघा," ती म्हणाली.

मीच त्याला तार कापून सव्वासोळा मीटरची करायला लावली; खांबापर्यंतचं उरलेलं अंतर दोरीनं जोडलं. त्या मापाची तार बहुतेक सगळ्या बँडवर अर्ध्या लाटेपासून लांब राहते. मीच त्याला आकड्यांचा कागद करून नव्या ट्यूनरवर चिकटवून दिला. संध्याकाळी साडेतीनवर, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झवर, आमच्या भागातली मंडळी जमतात. तिथं त्याची कॉईल नवव्या वेढ्याला लागायची. मी म्हटलं, "तार आखूड झाली तर वेढे वाढवावे लागतील. तुझ्याकडे एक वेढा म्हणजे साधारण एक मीटर. वादळात तार तुटली तर घरात बसून कळेल किती गेली ते. भिजत बाहेर बघायला जायचं कारण नाही. आकडे बघ."

त्याला ते फार आवडलं. नऊ वर्षं तो त्या आकड्यांवर जगला. बर्फखान्यात कुणी डिवचलं की हात खिशात घालून तो घरी यायचा, तडक वर जायचा. खाली किनुला कॉईलची कटकट ऐकू यायची. ती थांबली की ती चहा ठेवायची. नऊ वर्षांत गावात कुणाला त्याचं बोट लागलं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि थोडा स्वतःचाही.

हेइसाकु हा काही गरीब गाय नव्हता. साठीचा, दाराएवढा रुंद, किनाऱ्याजवळच्या मोठ्या जाळ्यांवरचा मुकादम. तरुणपणी त्यानं एका हवालदाराला मासळीच्या खोक्यात बसवून वर झाकण ठोकलं होतं. त्याचा जीव सुमोवर. वर्षातल्या सहा स्पर्धा, प्रत्येकी पंधरा दिवस, संध्याकाळी टीव्हीसमोरून तो हलायचा नाही. आणि तोमेझोनं रेडिओवर बोलायला बटण दाबलं की हेइसाकुच्या पडद्यावर पहिलवानांच्या जागी पट्टे यायचे. मी टीव्हीला फिल्टर बसवून दिला. अर्धे पट्टे गेले. त्या अर्ध्यासाठी हेइसाकुनं मला अख्खा बुरी, म्हणजे आमच्याकडचा थंडीतला मोठा मासा, दिला आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आठवडाभर शिव्या.

नोव्हेंबरच्या स्पर्धेचा चौदावा दिवस. एरवी तोमेझो सहाला कुस्त्या संपायची वाट बघायचा, पण त्या दिवशी त्याचं घड्याळ बंद पडलेलं. ऐन मोठ्या कुस्तीला त्यानं बटण दाबलं. पुढच्या मिनिटाला हेइसाकु खाली गल्लीत उभा, अनवाणी, हातात जाळं कापायचा सुरा.

"ए तोमे! खाली ये, भाड्या! कोण पडला, कोण जिंकला, काय दिसलं नाही मला!"

"उद्या पेपरात वाच," तोमेझो खिडकीतून म्हणाला.

"उद्या शेवटचा दिवस आहे. उद्या एक जरी पट्टा आला ना, तर या सुऱ्यानं तुझी तार कापीन, तिनंच तुला बांधीन आणि आमिष म्हणून समुद्रात सोडीन. पण तुला मासासुद्धा तोंड लावणार नाही!"

गल्ली हसली. तोमेझो खाली उतरला. त्याच्या कपाळावरची शीर मला समोरून दिसत होती. दारात किनु उभी होती, हातात मुळ्याची जुडी घेऊन, आणि त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. तोमेझोनं तो हात खिशात घातला, हेइसाकुसमोर कमरेत वाकला आणि म्हणाला, "उद्या सहापर्यंत यंत्राला हात लावणार नाही." मला वाटलं, जिंकला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून आभाळ गरजायला लागलं. बुरी माशाला जागं करणारा गडगडाट. तो झाला की दुसऱ्या दिवशी जाळी फुटेस्तोवर मासा येतो, पण होत असताना कौलं उडतात. गारठ्यात पाऊस-बर्फाचा चिखल आडवा मारत होता. पाचला काळोख झाला. तोमेझो शब्दाला जागला. सहा वाजून पाच मिनिटांनी तो वर गेला, रेडिओ लावला, कॉईल नऊवर ठेवली. काटा खाली पडेना. दहा. अकरा. बाराव्या वेढ्याला काटा पडला.

त्यानं मला फोन केला. माझ्या तोंडात घास होता.

"मास्तर, नवाचे बारा झालेत."

"म्हणजे तीन मीटर गेली," मी म्हटलं.

त्याच्या तारेचे शेवटचे तीन मीटर हेइसाकुच्या शेडवरून जातात, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. फोन आपटल्याचा आवाज आला. आधी बाहेर जाऊन बघ, असं मला पुढं म्हणायचं होतं. खरं सांगायचं तर, म्हणायचं होतं की नव्हतं, ते मला आज सांगता येत नाही.

मी धावलो. मध्ये तीनच घरं. पण पायात चपला नीट जाईनात. पोचलो तेव्हा हेइसाकुचं सरकतं दार चौकटीसकट आत पडलं होतं. हेइसाकु शेकोटीपाशी वाळक्या स्क्विडच्या पट्ट्या कापत बसला असणार, कारण सुरा आणि स्क्विड एकत्रच चटईवर पडले होते. तो सुरा तोमेझोनं पाहिला आणि त्याला आणखी पुरावा लागला नाही. तो हेइसाकुच्या छातीवर बसला होता. मारत होता. ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता, लादी फोडावी तसा एका तालात मारत होता. हेइसाकुच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खालून एकच विचारत होता, "कुठली तार? अरे कुठली तार?" त्यानं हात वर करून तोमेझोचा गळा धरला, तेव्हा तोमेझोनं शेकोटीवरची बिडाची किटली उचलली.

मी त्याच्या पाठीवर पडलो. त्यानं मला कोपर मारलं, माझा पुढचा दात त्या घरातच राहिला. किटली एकदा खाली आली. एकदाच. उकळतं पाणी, राख, वाफ, आणि हेइसाकुची बायको उमे किंचाळत होती. वाफ विरली तेव्हा हेइसाकुच्या डाव्या डोळ्याच्या जागी बघवेना.

शेजारचे चौघे आले. तोमेझोला भिंतीशी दाबून धरला. मी उमेच्या हातातली बॅटरी घेऊन बाहेर पडलो. का, ते सांगता येत नाही. तार कापलेली बघायची होती मला. कापलेली असावी, असं मी देवाला म्हणत होतो.

उजेड टाकला. तार शेडवरून पार खांबाच्या दोरीपर्यंत जात होती. बर्फानं थोडी झुकलेली, पण अख्खी. सव्वासोळा मीटर.

मग मी तोमेझोच्या घरामागं गेलो. ट्यूनरला नुसती वरची तार पुरत नाही, खाली जमिनीवर दोन-तीन तारा पसरून ठेवाव्या लागतात, वरच्या तारेची जोडीदारीण म्हणून. त्या हलवल्या की वरचे आकडे बदलतात. घरामागं जमिनीवर काही नव्हतं. वळचणीखाली बांबूला चाळीस मुळे टांगले होते, लोणच्याला वाळवायला. एकाखाली एक, दोन-दोनच्या जुड्या, काळ्या प्लास्टिकच्या तारेनं घट्ट बांधलेल्या. टोकं स्वयंपाकाच्या कात्रीनं कापलेली.

किनु माझ्यामागं उभी होती. "सुंभ कुजलं होतं," ती म्हणाली. "रविवार, दुकान बंद. मागं एकदा ह्यांना विचारलं होतं, खालच्या तारेचं काय काम. म्हणाले, काही नाही, ती नुसती पडून असते." मग तिनं हेइसाकुच्या घराकडे बघितलं. तिथून उमेचा आवाज येत होता. किनुनं तिचा चांगला कान त्या बाजूला केला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

रुग्णवाहिका गेल्यावर आम्ही तोमेझोला त्याच्या घरी आणलं. हेइसाकुनं स्ट्रेचरवरून हवालदाराला सांगितलं, की मी घसरून किटलीवर पडलो. मोडलेल्या दाराबद्दल हवालदारानं विचारलं नाही. गावातलं गावात. मी तोमेझोला मुळे दाखवले. तो तिथंच पाय दुमडून खाली बसला.

किनुनं कापडात दोन कपडे बांधले. वाजिमाला जाणारी शेवटची बस सात-वीसची. तिथं तिची बहीण असते. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या. एक म्हणाली, "अगं, चूक तुझीपण आहेच की. तारेला हात कशाला लावायचा? आता त्याला टाकून कुठं जातेस?"

तोमेझोनं कपाळ चटईला टेकवलं. रडत होता. "किनु, तू तार काढलीस हे मी कुणाला सांगणार नाही. आईशप्पथ. हेइसाकुलासुद्धा नाही. मास्तरही गप्प बसतील. फक्त जाऊ नकोस."

मी मान डोलावली. हो, मी डोलावली.

किनु गाठ मारायची थांबली. वीस वर्षं तिनं त्याला अहो-जाहो केलं होतं, कान गेला त्या दिवशीसुद्धा.

"सांग ना," ती म्हणाली. "सगळ्यांना सांग. तार मी काढली. हात तू उचललास."

बायका बाजूला झाल्या. ती चिखलातून बसथांब्याकडे गेली. छत्री तिनं घेतली नाही.

बसचा आवाज वळणावर बंद झाला. आता खोलीत आम्ही दोघंच होतो. माझ्या तोंडातून रक्त येत होतं, मी ते गिळत होतो. तोमेझोनं डोकं वर केलं. हेइसाकुचं रक्त त्याच्या मनगटावर वाळत आलं होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, तीन मीटर गेली?"

मी त्याच्या तोंडात मारली. साठ किलोचा माणूस मी, आयुष्यात कुणाला चापट मारलेली नाही. पण अशी मारली, की माझा हात खांद्यापर्यंत बधिर झाला. आता हा उठणार आणि मला संपवणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. तो उठला नाही. डोळे उघडले तर त्याचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. तासाभरापूर्वी तो तसाच पडून राहिला असता, तर हेइसाकुचा डोळा वाचला असता आणि किनु खाली चहा ठेवत असती. दुसरी चापट मारायला मी हात उचलला आणि तसाच धरून उभा राहिलो. तो खाली मान घालून वाट बघत होता. ही चापट खरं तर मला स्वतःच्या तोंडात मारायची होती. मारली नाही.