गेटपासवरचा चेहरा

माझा कॅमेरा वयाने माझ्याहून मोठा आहे. पिंपरी कॅम्पातला एक स्टुडिओ बंद होत होता, तेव्हा तिथल्या काचेच्या कपाटातून तो माझ्याकडे आला. चांगलाच जड, रोल घालायचा, आणि प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने दांडी ओढून रोल पुढे सरकवायचा. उजेड किती आहे ते सांगणारा त्यातला काटा कधीच बंद पडलाय, त्यामुळे मी आभाळाकडे बघून अंदाज करते आणि बऱ्याचदा तोंडावर पडते. मैत्रिणी म्हणतात, फोनमध्ये एवढा चांगला कॅमेरा असताना हा छळ कशाला? आता त्यांना काय सांगायचं! फोनवर मी कशाचेही फोटो काढते आणि परत कधी बघत नाही. रोलमध्ये मोजकेच फोटो मावतात, म्हणून काढण्याआधी नीट बघावं लागतं. मला या बघण्याचीच चटक लागली आहे.

संत तुकाराम नगरातल्या आमच्या गल्लीत कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या बायका, मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणारी भाजीवाली, समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कंपनीचे निळे शर्ट, असलेच माझे फोटो. कुणाला मुद्दाम दाखवावेत असे नाहीत. रोल संपला की बाथरूमचं दार लावून, फटीत टॉवेल कोंबून मी तो घरीच धुते. ओल्या पट्टीवर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं झालेली आपलीच गल्ली दिसायला लागली की अजूनही एकटीच हसते. मग बाहेरून अण्णा ओरडतात, "आंघोळ करायलीस का स्वैपाक?"

अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरकडून इथे आले आणि एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये मशीनपुढे उभं राहून रिटायर झाले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांचा फोटो काढणं म्हणजे डोक्याला ताप. त्यांच्या उमेदीत फोटो काढला जायचा तो गेटपाससाठी. ती सवय हाडात मुरलेली. समोर कॅमेरा किंवा फोन आला की गळ्याचं बटण लावणार, मान ताठ, ओठ घट्ट. पुतण्याच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ते कामावर हजर झाल्यासारखे दिसतात. आणि एरवी हाच माणूस अख्खं तोंड उघडून, तंबाखूने रंगलेले दात दाखवत असा हसतो की खालच्या मजल्यावर ऐकू जावं.

त्या तंबाखूनेच घात केला. तिसऱ्या पाळीत डोळा लागू नये म्हणून धरलेली सवय सुटलीच नाही. गालात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जबड्याचा एक भाग काढावा लागेल, चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही. मी हादरले. अण्णा बरे व्हावेत हे तर होतंच, पण त्यांचं ते हसू कायमचं जाणार या विचाराने मला जेवण जाईना. ऑपरेशनच्या आधी मला ते रोलवर हवं होतं.

ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही गॅलरीत चहा घेत बसलो होतो. अंतराचा अंदाज घेऊन मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि फडक्याने पुसायला लागले.

"त्यात रोल तरी हाय का?" अण्णांनी विचारलं.

"नाही, नुसता पुसतेय."

तेवढ्यात खाली सोसायटीचे चेअरमन पाणी वाया घालवू नका म्हणून कुणाला तरी झापत होते, त्यांच्या डोक्यावर वरच्या मजल्यावरची ओली चादर येऊन पडली. चादरीच्या आतूनही त्यांचं झापणं चालूच. अण्णा जे हसत सुटले! मी मांडीवरूनच खटका दाबला, दांडी ओढली, पुन्हा दाबला.

"फसवलंस व्हय मला!" ते म्हणाले. पण रागावले नाहीत. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "आला का पण, हसताना?"

"आला असणार."

"मग झालं. आता डॉक्टरला काय कापायचं ते कापू दे."

रजेवर जाण्याआधी त्याच दिवशी मला माझ्या कंपनीत काम दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं होतं. बस चुकेल म्हणून धावले, कॅमेरा पिशवीतच राहिला. महाळुंग्याला आमच्या गेटवर, आत कुणी फोटो काढू नयेत म्हणून, प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. माझ्या डबड्याला स्टिकर कुठे लावावं ते गार्डला कळेना, म्हणून त्याने ते गेटवर ठेवून घेतलं. नवीन पोरगेला गार्ड, बोलायला मऊ.

संध्याकाळी त्याने कॅमेरा दोन्ही हातांनी परत दिला. सोबत गुंडाळून रबर लावलेली काळी पट्टी.

"मॅडम, म्हटलं मेमरी कार्ड काढून वेगळं ठेवावं, कुणाचा हात नको लागायला. ही पट्टी सगळी बाहेर काढून बघितली. कार्ड न्हाईच सापडलं."

मी गेटवरच त्याच्यावर ओरडले. बिचाऱ्याने जन्मात रोल पाहिला नव्हता. उजेड लागला की सगळं जातं हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं, रडत रडत. त्या रोलवर काय होतं आणि उद्या अण्णांना कुठे ॲडमिट करायचंय, तेही सांगितलं. मागे रांग थांबली आणि बसचा हॉर्न वाजला.

घरी आल्यावर अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "घे की दुसरा रोल." घेतला. ते खुर्चीत बसले आणि बटण लावलं. मी चादरीचा किस्सा नकलेसकट परत सांगितला. त्यांनी माझ्यासाठी ओठ ताणून पाहिले, पण हसू काही येईना. तरी मी फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो.

ऑपरेशन नीट झालं. अण्णांचा अर्धा चेहरा पट्ट्यांत, नाकात नळी, बोलणं बंद. ते दिवसभर छताकडे बघत पडायचे. मी काही बोलले तरी मान हलवायचे नाहीत.

एका दुपारी तो गार्ड आला. त्याची साप्ताहिक सुट्टी होती. हातात शहाळं, आणि नळी बघून ते कुठे ठेवावं त्याला सुचेना. शेवटी काखेत धरून तो कॉटजवळ उभा राहिला.

"काका, तुमचा फोटो मी घालवला. मी त्यात कार्ड हुडकत होतो."

अण्णांनी छतावरची नजर काढून त्याच्याकडे वळवली.

"पट्टी संपायलीच न्हाई, काका. ओढायलो, ओढायलो, पार टेबलाखाली गेली. म्हटलं एवढी लांब वायर, म्हणजे कार्ड केवढं असंल!"

अण्णांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी गालावरच्या पट्टीत उतरलं. मी त्या पोरावर खेकसले आणि सिस्टरला हाक मारायला उठले, तर अण्णांनी माझं मनगट पकडलं. त्यांचे डोळे बारीक झाले होते, कडांना सगळ्या सुरकुत्या गोळा झाल्या होत्या, आणि चादरीखाली पोट गदागदा हलत होतं. अण्णा हसत होते. तोंडाशिवाय, आवाजाशिवाय, पण अगदी तसेच.

कॅमेरा शेजारीच पिशवीत होता, रोल घातलेला. पण अण्णांनी माझं मनगट सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.