मशीनपुढचा ट्रॅक्टर

दैवशालाला ट्रॅक्टर चालवता माहेरपासून येतो. भोकरदनकडं बाप अंथरुणाला खिळल्यावर पेरणीची सगळी मशागत हिनंच केल्ती. आमच्या गावात सून म्हणून आली, तवापासून मात्र तिला कुणी स्टेअरिंगला हात लावू दिला न्हाई. इथं बायांनी ट्रॉलीत बसायचं, बस.

आमचं गाव अंबड रोडच्या फाट्यावर. रोडला लागूनच तिच्या सासऱ्याची, काकासाहेबांची, मोकळी जागा. तिथं ती चहा-नाश्त्याचं हॉटेल चालवती. बॅटरीवरच्या गाड्यांना चार्जिंगचं मशीन बसवायला एक कंपनी जागा शोधत आल्ती, तवा हिनं लगेच हो म्हणलं. तिचा हिशोब साधा. डिझेलवाला तेल टाकून लगेच पळतो. बॅटरीवाल्याला पाऊण घंटा बसावंच लागतं, अन् बसलेला माणूस खातोच. करंटमधला हिस्सा थोडका, पण पोहे-भज्यातला सगळा आपला.

मशीन बसलं, नारळ फुटला, अन् गाड्या काही येईनात.

कंपनीचा राजानंद आला. "ताई, गाडी लागो न लागो, विजेच्या लोडचा ठरलेला आकार आम्हाला दर महिन्याला भरावा लागतो. होळीपर्यंत बघू. न्हाईतर मशीन उचलून दुसरीकडं नेऊ."

"उचलायला बसवलं का?"

"मंग गाड्या आणा."

"आणते."

म्हणाली खरी. पण गाड्या का येईनात हेच कळंना. म्हणून एका बाजाराच्या दिवशी कढईवर नवऱ्याला, सोमेश्वरला, बसवलं अन् ही रोडच्या पलीकडं लिंबाखाली जाऊन बसली. बॅटरीवरची एक पांढरी गाडी हळू झाली, वळायचा दिवा लावला, अन् न वळताच निघून गेली. मागून आली तीबी तशीच. दैवशालानं तिथूनच आपल्या हॉटेलकडं बघितलं. मशीन दिसतच नव्हतं. पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांसकट, आडवा उभा.

ती जागा म्हंजे गावाचा थांबा. काकासाहेबांच्या बापापासून एक नेम चालत आलेला. आपल्या आवारात टेकलेल्या माणसाला ऊठ म्हणायचं न्हाई. बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, नेम तोच. मशीनला गाडी जोडलेली नसली की गाडीवाल्याच्या मोबाइलवर ते मोकळं दिसायचं. इथं येऊन बघावं तर पुढं ऊस.

"मामा, ट्रॅक्टरवाल्यांना बाजूला लावायला सांगा," ती सासऱ्याला म्हणाली.

"मशीन आलं काल. ही लोकं माझ्या बापाच्या टायमापासूनची हायेत."

"मशीन गेलं की हॉटेलबी जाईल. मंग लोकं टेकतील कुठं?"

"मी कुणाला ऊठ म्हणणार न्हाई."

"नका म्हणू."

हॉटेलामागं तिची मेथी-कोथिंबिरीची पट्टी व्हती. ती तिनं उपटली. मुरूम टाकला, जुन्या पत्र्याची सावली केली, पाण्याचा रांजण तिकडं नेला. ट्रॅक्टरला चांगली ऐसपैस जागा झाली. पण जल्दी सवय सुटंल ती लोकं कुठली! रांजणातलं पाणी प्यायला मागं जायचे, अन् ट्रॅक्टर मशीनपुढंच.

होळी तोंडावर आली. दुपारच्याला एक टॅक्सी आली अन् ट्रॅक्टरमागं थांबली. ड्रायव्हर धावतच आत आला. "बाई, बॅटरी संपत आली हो. अंबडपर्यंत पोचायचो न्हाई. मागं लेकरंबाळं बसलेत."

ट्रॅक्टर मच्छिंद्रचा. नात्यानं दैवशालाचा दीर. तो निवांत भजे खात बसला व्हता.

"भावजी, ट्रॅक्टर काढा."

"भजे तर खाऊ द्या, वहिनी. त्या गाडीचा काय जीव जाऊन राह्यलाय का?"

"हो, जाऊनच राह्यलाय."

हॉटेलातली लोकं हसली. मच्छिंद्रला ते लागलं. त्यानं चावी टेबलावर आदळली. "मंग तुम्हीच काढा की!"

दैवशालानं पिठाचे हात पुसले, पदर खोचला अन् चावी उचलली.

"ओ वहिनी! ट्रॉल्या दोन हायेत!"

"दिसल्यात मला."

ट्रॅक्टर गुरगुरला. मागं घ्यायच्या भानगडीत ती पडलीच न्हाई. सरळ रोडवर काढला, फाट्यावरून मोठा वळसा घेतला अन् हॉटेलामागच्या पत्र्याखाली बराबर आणून लावला. मुंडकं सावलीत, चाकं मुरमात. आत येऊन चावी मच्छिंद्रच्या भज्याशेजारी ठेवली.

"उरलेले भजे मागं पाठवू का?"

टॅक्सी मशीनला लागली, लेकरं पोह्यावर तुटून पडली. काकासाहेब बाजेवर बसून सगळं बघून राह्यलते. आता म्हातारा खवळणार, असं समद्यांना वाटलं. म्हातारा काठी टेकत मागं गेला अन् पत्र्याची सावली बघून आला.

दुसऱ्या दिवशी त्यांची बाज रोडच्या तोंडाशी दिसली. लांबून ट्रॅक्टर आला की काठी वर जायची. "तिकडं घे, तिकडं. मागं सावली हाये, पाणी हाये." टेकायच्या आधीच सांगायचे. टेकलेल्याला ऊठ म्हणायची वेळच येऊ दिली न्हाई.

होळीला राजानंद आला, कंपनीच्याच बॅटरी गाडीत. मशीनला एक गाडी लागलेली, दुसरी नंबर धरून उभी. काकासाहेबांनी त्यालाबी काठी दाखवली अन् तो गुमान ट्रॅक्टरांच्या रांगेत जाऊन लागला.

"लोडचा आकार तर निघायला लागला, ताई," तो म्हणाला. "नफा अजून न्हाई."

"त्येबी होईल. मशीन उचलायला माणसं आणलीत का?"

"न्हाई. मलाच चार्जिंग करायचंय."

"मंग बसा. दोन गाड्यांमागं नंबर हाये तुमचा. पोहे टाकू का भजे?"