लाल किनारीचा अ

बायको जाऊन वर्ष झालं नव्हतं, तेव्हाच माझं दुसरं लग्न ठरलं. मला ते शेजारणीकडून कळलं.

त्याचं असं झालं. माझी नात अंबू इथल्या तमिळ शाळेत बालवर्गात. तिला अक्षरं शिकवली तिच्या आज्जीनं, तीही पाटीवर नव्हे, दारातल्या कोलमात. तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडायचे, मधे मोठं अक्षर काढायचं, भोवती वेल, आणि तोंडानं गाणं. पोरगी गात गात अक्षरावरून बोट फिरवायची. आज्जी गेली आणि पोरीनं लिहिणं सोडलं. गाणंही सोडलं.

टीचरनं मला बोलावलं. इथे आजोबाला तात्ता म्हणतात. "तात्ता, ही पेन्सिलीला हातच लावत नाही. अक्षर दाखवलं की तोंड फिरवते. घरी काहीतरी करा."

मी तिसरीत शाळेतून पळालेला माणूस. शाळेचं फाटक दिसलं की अजून रस्ता बदलतो. (टीचर माझ्या मुलीच्या वयाची, तरी मी हात बांधून उभा होतो.) पण त्या दिवशीची भीती निराळी होती. बायको गेली ती गेली. तिनं पोरीला दिलेली अक्षरंही तिच्यामागे गेली तर?

मरण झालेल्या घरी वर्षभर दारात कोलम घालत नाहीत. मला ठाऊक होतं. तरी मुलगा-सून कामावर गेल्यावर पिठाचा डबा घेऊन मी दारात बसलो. बसलो म्हणजे काय, गुडघ्यांनी मला खाली टाकलं. तमिळ अ मोठा वळणाचा. माझा अ वळणावर गेला आणि परत यायला तयार होईना.

अंबू उंबऱ्यावरून बघत होती. "आज्जा, लाल?"

"काय लाल?"

"आज्जी लाल लावायची."

कित्येक दिवसांनी पोरगी अक्षराबद्दल बोलली! तिनं सोनं मागितलं असतं तरी आणलं असतं. कावी, म्हणजे गेरू, कालवली आणि भोवती जाड लाल किनार ओढली. आज्जी ती सणालाच लावायची हे पोरीला ठाऊक नव्हतं. एरवी दारात तशी किनार दिसली की त्या घरी लग्न आहे असं समजतात, हे मला ठाऊक नव्हतं. घरात राहून आयुष्यभर मी फक्त जेवलो.

समोरची वसंता भाजी घेऊन येत होती. थबकली. "मामा, मुहूर्त कधीचा?"

"कसला?"

"लाजू नका. माझी मावशी पापनाशमला एकटीच असते. सांबार असं करते की बोटं चाटाल."

मी काही बोलायच्या आत ती घरात गेली, आणि बातमी राजवाड्यामागच्या गल्लीत माझ्या थोरल्या बहिणीकडे पोचली. आक्काला मी लहानपणापासून भितो. ती आली ती पदर खोचूनच.

"वर्ष झालं नाही, आणि नवरदेव दार सजवतोय?"

"आक्का, तो अ आहे."

"अ असो नाही तर हत्ती. बादली कुठाय?"

"आक्का, पाया पडतो, पुसू नको."

"पाया पडायला वाकलास तर उठवणार कोण? सर."

बादली भरून आली. हे पुसलं तर पोरगी पुन्हा पीठसुद्धा शिवायची नाही. आणि आक्कानं बादली उचलली, तोच खालून आवाज आला.

"आक्काआज्जी, पाय काढ. माझा आ मोडतोय."

आमच्या भांडणात अंबू खाली बसली होती. माझ्या अ-शेजारी तिनं चिमटीनं पीठ सोडत स्वतःचा आ काढला होता. जीभ बाहेर, नाकाला पीठ, आणि हलक्या आवाजात आज्जीचं गाणं.

आक्का एका पायावर उभी राहिली. हातात भरलेली बादली.

"हा आ. तू म्हण."

"आ," आक्का म्हणाली. मग बादली खाली ठेवून बराच वेळ पदरानं डोळे पुसत राहिली. मला म्हणाली, "किनार तेवढी पूस, मेल्या."

पण तोवर उशीर झाला होता. वसंतानं फोन केला होता, आणि दुपारच्या बसनं मावशी येऊन माझं दार बघून गेली. संध्याकाळी वसंता निरोप घेऊन आली. "मावशी नको म्हणाली, मामा. म्हणे, ज्याला सरळ रेघ ओढता येत नाही तो संसार काय ओढणार?"

मागणी न घालता नकार आला. मावशीचं चुकलं नाही. आमच्या हिनं हो म्हटलं होतं, पण लग्नाआधी तिला माझी रेघ कुणी दाखवली नव्हती.