दगडूची लस

कुसुमबाई गेल्याचा निरोप दवाखान्यात आला, तेव्हा मी थर्मासमधून लस काढत होते. हात थांबवला नाही. बाहेर बायका मुलं घेऊन बसल्या होत्या. त्यांना ताटकळत ठेवलं असतं तर बाईंनी वरूनही मला झापलं असतं... रडले ती घरी जाऊन.

नाशिकच्या या दवाखान्यात बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. क्षयाची लस टोचण्यात त्यांचा हात इतका हलका, की सुई निघाल्यावर बाळ रडायचं. त्याचा त्यांना गर्वही होता, उगीच कशाला लपवू? मी रुजू झाले त्याच वर्षी देवळ्याकडची एक सून सासूबरोबर बाळ घेऊन आली. सासूने नाव सांगितलं, दगडू. "एवढं लोण्यासारखं पोर, आणि नाव दगडू?" म्हणत बाईंनी हसत हसत लस टोचली. आधीची मुलं दगावली की पुढच्याला असं नाव ठेवतात, हे आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं थोडंच! पण त्याचा लशीशी संबंध असेल, हे डोक्यात आलं नाही.

दगडूची जखम भरलीच नाही. काखेत गाठ आली, मग आजार अंगभर पसरला आणि मुंबईच्या रुग्णालयात तो दगावला. तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी आली. या लशीतले जंतू जिवंत असतात, पण दुबळे. धडधाकट बाळ त्यांना सहज आवरतं. दगडूत जन्मतःच ती ताकद नव्हती. आधीचे दोन भाऊही बहुधा त्याच दोषाने गेले असावेत. लस टोचली नसती तरी तो दुसऱ्या कशाने गेला असता, असंही एक वाक्य होतं. बाईंनी त्या वाक्याचा आडोसा कधीच घेतला नाही.

पुढच्या रविवारी मला घेऊन त्या एसटीने देवळ्याला गेल्या. तिथे सासू सुनेलाच पांढऱ्या पायाची ठरवून बसली होती. ओसरीवर सगळ्यांदेखत बाई म्हणाल्या, "हिचा काही दोष नाही. लस मी टोचली. विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही."

एवढं धैर्य मी पुन्हा कुणात पाहिलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा सून दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "इचारलं आस्तं तरी म्या सांगितलं नसतं, बाई. गेलेल्या पोरांचं नाव काढू नको, आसं आत्याबाईंनी बजावलं व्हतं."

सोमवारी बाई पुन्हा खुर्चीवर. "लस वाईट नाही गं, कितीतरी पोरं तिच्यामुळे जगतात. आपल्याला विचारता आलं पाहिजे." तेव्हापासून बाळाबरोबर सासू आली, की बाईंना हमखास तहान लागायची. सासू माठाकडे गेली की त्या आईच्या कानाशी वाकत, "याच्या आधी एखादं पोर गेलंय का गं? तुझ्या माहेरी कुणाचं?" ते पाणी त्यांनी कधी प्यायलेलं मला आठवत नाही.

गेल्या मंगळवारी एक आजी सून-नातवाला घेऊन आल्या. मी सिरिंज भरली, बाळाचा दंड पुसला, नाव विचारलं.

"धोंडू ठिवलंय," आजी म्हणाल्या. सुनेने मान खाली घातली.

मी सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली.

"आजी, जरा बाहेरून पाणी आणता का?"